हॉलमधलं बेसिन

माझ्या घरात शिरल्याबरोबर दिसणारी पहिली वस्तू म्हणजे हात धुवायचं बेसिन. लोक ज्या भिंतीवर टीव्ही लावतात, त्या भिंतीवर, सोफ्याच्या अगदी समोर. मोठं, पांढरं, कडेने निळ्या वेलीची नक्षी असलेलं, आणि वर लांबरुंद आरसा. येणारे लोक चपला काढता काढता थबकतात आणि विचारतात, "हे इथे कसं काय?" मी सांगते, "मला हवं होतं म्हणून." त्यापुढे सहसा कुणी विचारत नाही, कारण तेव्हा माझा चेहरा फारसा गोड नसतो.

फ्लॅट नाशकात पाथर्डी फाट्याकडे आहे. बिल्डरने फ्रिजच्या आडोशाला एक टीचभर बेसिन दिलं होतं. त्यात एक हात धुवायचा तर दुसरा बाहेर ठेवावा लागे. मी ते काढायला लावलं. प्लंबर म्हणाला, "मॅडम, हॉलमध्ये बेसिन म्हणजे मंगल कार्यालयासारखं दिसंल." म्हटलं, दिसू दे. वास्तूतलं कळणाऱ्या शेजाऱ्यांनी सांगितलं की त्या दिशेला पाणी वाहतं ठेवलं तर घरात लक्ष्मी टिकत नाही. म्हटलं, मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते, ती तशीही माझ्याकडे फार वेळ बसत नाही. भिंत फोडली, पाइप फिरवले, ओल येते म्हणून खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण झालं. ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

हा सगळा खटाटोप मी एका बाईसाठी केला होता. ती म्हणजे माझी आई. तिने त्या बेसिनमध्ये हात धुवावेत, एवढंच मला हवं होतं. आणि ती धूत नव्हती.

आई-वडील सुरगाण्याच्या डोंगरातले. भाताची कापणी उरकली की जीपमध्ये दाटीवाटीने बसून द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत जायचे. माझ्या जन्मानंतर एका वर्षी ते परत गेलेच नाहीत, नाशकात राहिले. वडील पंचवटीच्या भाजी मार्केटात हमाली करायला लागले आणि आई तिथल्याच घरांमधून धुणंभांडी. वडील लवकर गेले. आई कामं करत राहिली. तिचं बोलणंसुद्धा हळूहळू गावचं उरलं नाही, मार्केटातलं झालं.

त्या घरांपैकी एक घर तिने शेवटपर्यंत धरलं. तिथल्या मालकीणबाईंना ती 'बाई' म्हणायची आणि मी 'काकू'. शाळा सुटली की मी त्यांच्या मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. आयुष्यातलं पहिलं बेसिन मी त्या घरात पाहिलं. जेवणघराच्या दाराशी, पांढरं, कडेने निळी वेल, पितळी नळ. आमच्या खोलीत बादली होती, बाहेर सार्वजनिक नळ होता. इथे मात्र पाणी भिंतीतून यायचं आणि भिंतीतच नाहीसं व्हायचं.

आई ते रोज घासायची. आधी पावडर भुरभुरवायची, मग नारळाच्या शेंडीने गोल गोल, आणि नळाच्या बुडाशी जुना टूथब्रश. लख्ख झालं की ती मागच्या अंगणात जायची आणि भांडी घासायच्या नळाखाली आपले हात धुवायची. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुठे पाटी नव्हती. ज्या हातांनी बेसिन स्वच्छ व्हायचं त्या हातांसाठी ते नव्हतं, आणि यात त्या घरात कुणालाही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नसतं, पण मला त्या पितळी नळाचा मोह पडला.

दुसरी-तिसरीत असेन. बोटं शाईने बरबटली होती. टाचा उंच केल्या, कडेला लोंबकळून नळ सोडला. निळं पाणी गोल फिरत खाली जायला लागलं, ते बघण्यात मी इतकी गुंगले की आई मागून आलेली कळलंच नाही. तिने थोबाडीत दिली. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. त्या रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "अगं, मारतेस काय? लेकरू आहे. नंतर जरा पावडर लावून घे त्याला, म्हणजे झालं."

आईने तिथल्या तिथे पावडर लावली. मी गालावर हात धरून बघत उभी होते. शाई तर साध्या पाण्यानेच निघून गेली होती. पावडर शाईसाठी नव्हती, हे मला त्या वयातही कळलं. त्या दिवशी आई बेसिन नेहमीपेक्षा जास्त वेळ घासत होती.

काकू वाईट नव्हत्या, हेही लिहायलाच हवं. मला पहिली रंगपेटी त्यांनीच आणून दिली. मी चित्रं काढते हे माझ्या शाळेच्या आधी त्यांना दिसलं होतं. रंगपेटीबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पावडरीबद्दल नाही. लोक म्हणतात, चांगलं लक्षात ठेवावं, बाकीचं सोडून द्यावं. मी दोन्ही लक्षात ठेवते. माझी स्मरणशक्ती आहे, दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी मी ती का गाळून घेऊ?

चित्रकलेच्या कॉलेजात गेले तेव्हा बाकीच्या मुलींना चित्रांत मोर, महाल आणि डोळे दिसायचे. मला भांडी दिसायची. लघुचित्रात राणी चौरंगावर बसून न्हातेय, पायाशी पसरट तस्त आहे, एक दासी झारीने पाणी घालतेय, दुसरी वस्त्र घेऊन उभी आहे. जेवणानंतरचं चित्र असेल तर सरदार ऐटीत हात पुढे करून बसलेला, आणि त्याच्या हातांखाली तस्त धरणारं कुणीतरी, अर्धं चौकटीच्या बाहेर गेलेलं. युरोपातल्या चित्रांत नळ येण्याआधीचा पाणी ओतायचा चिनी मातीचा जग आणि त्याखालचं गोल भांडं, त्यावर खिडकीतून येणारा उजेड. पुढे टबात वाकून अंग धुणाऱ्या बायका. मग एका कलावंताने मुतारीचं भांडंच प्रदर्शनात मांडलं आणि तेव्हापासून जगभरचे विद्वान त्यावर बोलतायत. मला ते फोटोत दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला की ते रोज पुसतं कोण.

प्रबंधासाठी मी हाच विषय घेतला. इतकी चित्रं पाहिली, तस्त धरणारी बाई जागोजागी सापडली. ती बाई स्वतःचे हात कुठे धुते, ते दाखवणारं चित्र मला मिळालं नाही. माझे मार्गदर्शक म्हणाले, "हा कलेचा प्रश्न नाही, समाजशास्त्राचा आहे." म्हटलं, सर, मग त्या बाईला चित्रातून उचलून समाजशास्त्राच्या वर्गात नेऊन बसवा, आणि राणीला न्हाऊ दे एकटीला. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. प्रबंध मात्र पास झाला.

आपल्याकडे घराघरांत हात धुण्यासाठी वेगळं भांडं लागत नसे. न्हाणीत घंगाळ, मोरीत तांब्या, दारात पाय धुवायचा दगड. मला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. कुणाला तांब्या हातात द्यायचा आणि कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं, याचे नियम त्या दगडापाशीही होतेच. पण तिथे निदान नियम बोलावा लागे. बेसिन आलं आणि घराच्या इतकं आत जाऊन बसलं की बोलायचीही गरज उरली नाही. आता तांबट आळीत घंगाळाची चौकशी केली तर दुकानदार सांगतो, "आंघोळीला कोण नेतं ताई? हॉटेलवाले नेतात, फुलं तरंगवायला." आणि मिसळीच्या हॉटेलांबाहेर पत्र्याखाली बेसिनांची रांग असते, वर पाटी असते: बेसिनमध्ये पाय धुऊ नयेत. ज्या अर्थी पाटी आहे, त्या अर्थी कुणीतरी धुतले असणार. त्या अनोळखी माणसाबद्दल मला फार आदर आहे.

तर आई माझ्याकडे राहायला आली. गुडघे गेले होते, कामं सुटली होती. मी मोठ्या थाटात बेसिन दाखवलं. तशीच निळी वेल मिळावी म्हणून टाइल्सची किती दुकानं पालथी घातली होती ते सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं हाय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घासायला लागली. जेवण झाल्यावर मात्र सरळ मागच्या छोट्या बाल्कनीत गेली आणि वॉशिंग मशीनशेजारच्या नळाखाली वाकून हात धुतले.

मला वाटलं, सवय जाईल हळूहळू. गेली नाही. मी समजावलं, चिडले, हात धरून बेसिनपाशी नेलं. ती हात सोडवून घ्यायची. शेवटी मी प्लंबरला बोलावून बाल्कनीतल्या नळाला बूच मारून घेतलं. आता बघू कुठे जाते, असं मनात म्हटलं. त्या दुपारी आई जेवून उठली, न्हाणीघरातून पाण्याचा मग भरून आणला, बाल्कनीत गेली आणि तुळस, कढीपत्ता, मिरची अशा ओळीने कुंड्यांवर हात धुतले. वर मला म्हणाली, "झाडांनाबी पाणी झालं." मी इतकी संतापले की ताट तसंच ठेवून उठले.

"अजून किती भिणार आहेस त्या काकूंना?" मी ओरडले. "त्या इथे नाहीत. हे तुझं घर आहे."

आई पदराला हात पुसत खुर्चीवर बसली.

"तुला वाटतं मी भिऊन तिकडं धूत नव्हते. अगं, त्या बेसिनमदी मी जन्मभर लोकांच्या चुळा धुतल्या, खाकरलेलं धुतलं, दाढीचे केस काढले. त्यात मी माझं तोंड धुवू? मला किळस येती."

"पण हे नवीन आहे. यात कुणी खाकरलेलं नाही."

"मग हे घासायचं कुणी रोज? तू कालिजात जाती. म्हंजी मीच. आन् पाणी जातं कुठं त्यातलं? भोकात. सुरगाण्याला उन्हाळ्यात एका हंड्यासाठी डोंगर उतरायचो आम्ही. हातावरचं पाणीसुदिक केळीच्या बुडाशी सोडायचो."

तिची किळस खरी होती, पाण्याची हळहळही खरी होती. पण हॉलमधून जाताना ती त्या आरशासमोरून मान खाली घालून जायची, तेही खरं होतं, आणि ते तिने सांगितलं नव्हतं. मी बाल्कनीतलं बूच काढून घेतलं. बेसिन यापुढे मी घासणार, असं जाहीर केलं आणि घासायलाही लागले. मी कॉलेजला गेले की ती परत घासायची, कारण तिच्या मते मला कडा जमत नाहीत.

मध्यंतरी शहरातल्या एका वाचनालयात माझं भाषण झालं. विषय तोच, चित्रांतली हात धुण्याची भांडी. पडद्यावर राण्या, सरदार, दासी दाखवून झाल्यावर मी शेवटी श्रोत्यांना विचारलं की या बायकांनी आपले हात कुठे धुतले असतील. टाळ्या झाल्या. गर्दी ओसरल्यावर एक म्हातारी बाई काठी टेकत पुढे आली. काकू होत्या. माझे दोन्ही हात धरून शेजारच्यांना सांगायला लागल्या, "ही आमच्याच घरात लहानाची मोठी झाली बरं का!"

घरात नाही, मागच्या पायरीवर, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माझे हात सोडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, मुलं पुण्याला असतात, घर खायला उठतं, तुझ्या आईची फार आठवण येते. मी म्हटलं, "मग या ना जेवायला रविवारी." हे मी मायेने म्हटलं की कुरापत म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. मग लगेच उतरला. रविवारी सकाळी मी उठले तेव्हा ती बेसिन घासत होती. नऊ वाजता परत घासायला लागली.

"आई, आज राहू दे."

"घाण बेसिन दावायचं का बाईंना?"

तिने बेसिनशेजारच्या कडीला धुतलेला नॅपकिन अडकवला. काकूंकडे पाहुणे असले की आई असाच नॅपकिन खांद्यावर टाकून बेसिनजवळ उभी राहायची. एकेकाचे हात धुऊन झाले की पुढे करायची. त्या लघुचित्रातल्या दासीचा चेहरा मला पहिल्यापासून ओळखीचा वाटायचा, त्याचं कारण हेच. त्या सकाळी मी मनाशी ठरवलं की माझ्या घरात हे होऊ देणार नाही. भांडण झालं तर होऊ दे, काकू रागावून गेल्या तर जाऊ देत, पण आई नॅपकिन घेऊन उभी राहणार नाही.

काकू आल्या. आईने त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. दोघींनी एकमेकींचे गुडघे विचारले. मग काकूंची नजर समोर गेली.

"अगं बाई, हे तर अगदी आमच्यासारखं!"

"हो," मी म्हटलं. "शोधून आणलं."

"पण हॉलमध्ये गं कशाला?"

"सगळ्यांना दिसावं म्हणून."

काकूंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. आईने डोळे वटारले आणि पानं घ्यायला गेली. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, सुरगाण्याहून आलेल्या तांदळाचा भात, मिरचीचा ठेचा. आई म्हणाली, "तुमी दोघी बसा, मी वाढते." मी तिचं ताट आधीच मांडून ठेवलं होतं. खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सगळं टेबलावर आहे, ज्याचं त्याने घ्यायचं." ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर, बोलावलं तर उठता यावं अशी. काकू मनापासून जेवल्या. आमटी दोनदा घेतली. इतक्या वर्षांत त्या दोघी एका टेबलाशी पहिल्यांदाच बसल्या होत्या, आणि दोघींनाही एकमेकींकडे बघून जेवता येत नव्हतं.

जेवण संपलं. काकू काठी घेऊन उठल्या, खरकटा हात अंगापासून लांब धरून बेसिनकडे निघाल्या. त्याच क्षणी आईही उठली. बोलावल्यासारखी. तिचाही हात खरकटाच होता. ती भराभर चालत काकूंच्या पुढे गेली आणि डाव्या हाताने कडीवरचा नॅपकिन काढून खांद्यावर टाकला. "आई, बस" म्हणायला मी तोंड उघडलं.

"थांबा बाई," आई म्हणाली. "आधी मी धुते."

तिने नळ सोडला. साबण घेतला. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं, काही घाई नाही. ओंजळ भरून खळखळून चूळ भरली आणि त्या निळ्या वेलीच्या आत, मधोमध टाकली. दुसरी भरली, तीही टाकली. मग मान वर करून आरशात बघितलं. चांगलं बघितलं. कपाळावरची बट मागे सारली. खांद्यावरच्या नॅपकिनला हात पुसले, नॅपकिन परत कडीला लावला आणि बाजूला झाली.

"या."

काकू पुढे झाल्या आणि थांबल्या. बेसिनच्या पांढऱ्या उतारावर भाताचं एक शीत चिकटून राहिलं होतं, शेजारी आमटीचा ओघळ. काकूंनी त्याकडे पाहिलं, मग वळून आईकडे पाहिलं. रागाने नव्हे. सवयीने, नेहमी बघायच्या तशा. आई तोवर सोफ्यावर जाऊन बसली होती, पाठ टेकून. मला उठून ते शीत काढावंसं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवायचं मला बरं वाटत नव्हतं. पण मी जागची हलले नाही.

काकूंच्या हातावरची आमटी वाळायला लागली होती. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. डाव्या हाताने नळ सोडला, बोटाने ते शीत जाळीकडे ढकललं, ओंजळीने पाणी फिरवून ओघळ धुतला, आणि मग स्वतःचे हात धुवायला घेतले.

आई सोफ्यावरून बघत होती. काकूंनी नळ बंद केल्यावर ती म्हणाली, "बाई, खालच्या कपाटात पावडर हाय. मागनं लावायची असंल तर घ्या."